पुढच्या डाव्या चाकातून कुंईं आवाज, गाडी जड चालतेय. ब्रेकचे पॅड नवीन आहेत, तरी ब्रेक धरून राहतोय

फुलेवाडीकर

मंडळी, जरा मदत करा. गाडी पेट्रोल हॅचबॅक, 2015 ची, 78 हजार किलोमीटर झालेत. पुढं डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, तिला दोन्हीकडून पॅड दाबतात), मागं ड्रम ब्रेक. रोज कोल्हापुरात फुलेवाडी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, आणि अधूनमधून गगनबावड्यावरून वैभववाडीला सासरवाडी.

गणपतीच्या आधी पुढचे पॅड बदलून घेतले. थोडे दिवस बरं चाललं. आता असं होतंय की सकाळी घरातून निघताना काही आवाज नाही, रंकाळ्यापर्यंत शांत. सायबर चौकाच्या आसपास आलं की डाव्या पुढच्या चाकातून बारीक कुंईं सुरू होतं. ब्रेकवर नुसता पाय टेकवला की बंद, पाय काढला की परत चालू. सिग्नलला येताना ॲक्सिलरेटर सोडला तर पूर्वी गाडी आपली वाहत यायची, आता लगेच मंदावते. ॲव्हरेज पण पडलंय. कंपनीत पोचल्यावर त्या चाकाजवळ गेलं की जळका वास येतो आणि रिमच्या जाळीतून झळ लागते. उजवीकडं तसं काही नाही.

पॅड जिथं बदलले तिथं दाखवलं, तर म्हणे डिस्क गेली, दोन्ही डिस्क आणि परत पॅड घाला. एक मित्र म्हणतोय बेअरिंग आहे. कुणाचं ऐकू?

राजारामपुरी_रेसर

भावा, डिस्कला लेथवर एक कट मारून घे, पॅडच्या कडा पॉलिश पेपरनं घास. माझ्या गाडीचा आवाज असाच गेला. नाद नाही करायचा.

जुना_फिटर

थांबा थांबा. डिस्क बदलू नका, आणि कटही मारू नका एवढ्यात.

मी आधी शिरोलीला एका फौंड्रीच्या मशीन शॉपमध्ये ह्याच डिस्का टर्न करत होतो, नंतर उद्यमनगरात ब्रेकच्या कामावर केस पांढरे केले. "डिस्क गेली" म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो, किती गेली? डिस्कवरच कमीत कमी जाडी किती चालते ते कोरलेलं किंवा ओतलेलं असतं, मिलिमीटरमध्ये. मायक्रोमीटर लावून आकडा सांगा, मग बोलू. नुसतं बोट फिरवून कड लागली म्हणून डिस्क भंगारात घालणारे बघितले की जीव तुटतो. आणि आधीच पातळ झालेल्या डिस्कला कट मारला तर ती त्या आकड्याच्या खाली जाते. म्हणून रेसरसाहेब, कट हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

आता तुमचं. तुमच्या लिहिण्यातच निम्मं उत्तर आलंय. थंड असताना गप्प, तापल्यावर बोलतो, ब्रेकला पाय टेकवला की बंद. बेअरिंगला तुम्ही ब्रेकवर पाय ठेवलाय का नाही ह्याच्याशी देणंघेणं नसतं. ते घूं करतं, वेगाबरोबर वाढतं, आणि वळणावर गाडी एका अंगाला कलली की कमी-जास्त होतं. पॅड संपत आले, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर उरले, की पत्र्याची एक जीभ डिस्कला घासून असाच बारीक आवाज काढते. पण तुमचे पॅड नवीन. ती जीभ बसवताना वाकडी झाली असेल तर मात्र वाजू शकते, तेवढं बघून घ्या. डिस्कच्या मागच्या पत्र्यात खडा अडकला असेल तर आवाज कानठळ्या बसवणारा येतो, आणि गाडी रिव्हर्स घेतली की बदलतो, नाहीतर खडाच पडून जातो. आपल्याकडं ऊसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्त्याची खडी उडून हे बरेचदा होतं. तुमचं ते नाही. वास, झळ, गाडी न वाहणं, ह्याचा अर्थ पॅड डिस्कला सोडत नाही.

का सोडत नाही हे शोधायचं. ड्रममध्ये लायनर मागं ओढायला दणकट स्प्रिंगा असतात, इथं तसं काही नाही. पिस्टनच्या भोवती चौकोनी काटछेदाची रबरी सील असते. दाब आला की ती पिळली जाते, दाब गेला की परत सरळ होते आणि जाता जाता पिस्टनला केसभर मागं घेते. बास, एवढीच माघार. त्यामुळं उचललेलं चाक हातानं फिरवलं तर किंचित घास लागतो, तो नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका. पण त्या केसभर माघारीत थोडा गंज किंवा चिखल आडवा आला की पॅड डिस्कवरच बसून राहतो.

पॅड न सुटण्याची कारणं दोनच जातीची. एक तर तेलाचा दाब कॅलिपरमध्ये, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या चिमट्यात, अडकून राहतोय, नाहीतर दाब गेलाय पण लोखंड हलत नाही. हे ओळखल्याशिवाय एक रुपयाचा पार्ट घेऊ नका.

गाडी चालवून आणा, ब्रेक धरू द्या. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, नट सैल करून जॅक लावा आणि खाली घोडी, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी स्टँड, द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालायचा नाही. डिस्क-कॅलिपरला उघडा हात लावू नका, कातडं सोलून येईल. चाक हातानं फिरवा. जड आहे? मग चाक काढा, कॅलिपरच्या निपलवर (तेल-हवा बाहेर काढायचं बारीक तोंड) पारदर्शक नळी चढवा, दुसरं टोक बाटलीत, आणि निपल रिंग पान्यानं अर्धा आटा सैल करा. तेल चुळकन उडालं आणि डिस्क सुटली, तर दाब अडकला होता. तेल नुसतं पाझरलं आणि डिस्क तशीच जाम राहिली, तर तेलाची बाजू सुटली, कॅलिपर खोला. निपल लगेच बंद करायचा, म्हणजे हवा जात नाही. हवा गेलीच असं वाटलं तर एअर काढून घ्यायची.

दाब अडकलेला निघाला तर पुढचं पण सांगून ठेवतो. एकच चाक असेल तर होज पाइपवर, म्हणजे कॅलिपरला तेल नेणाऱ्या रबरी नळीवर, संशय. ती आतून फुगते. पाय दाबला की जोरानं तेल पुढं जातं, परत यायला जोर नसतो म्हणून अडकतं. बाहेरून होज नवीकोरी दिसते, त्यामुळं बऱ्याच जणांचं तिकडं लक्षच जात नाही. दोन्ही पुढची चाकं धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेलाला दाब देतो तो), पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीचा मोकळा खेळ, नाहीतर ब्रेक लाइटचा स्विच पुढं बसल्यामुळं पेडल पूर्ण वर न येणं, ह्यातलं काहीतरी.

करून बघा आणि सांगा. उजवीकडचं चाक पण फिरवून बघा, तुलना करायला.

भुईबावडा_मार्गे

फिटर काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त घाटापुरतं लिहिते. माझी आठवड्याला गगनबावड्यावरून तळकोकणात फेरी असते. दादा, हा ब्रेक नीट होईपर्यंत करूळ किंवा भुईबावडा उतरू नका. वर धरलेला ब्रेक आधीच तापलेला असतो, त्यात घाटभर पाय ब्रेकवर राहिला की पेडल मऊ पडतं आणि खाली जायला लागतं. माझ्या पुढच्या एका गाडीचं झालेलं बघितलंय. चाकातून धूर आणि ड्रायव्हर हँडब्रेक ओढतोय. मी स्वतः दुसऱ्या गिअरला उतरते, ब्रेक दाबायचा तो थोडा वेळ नीट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. मागचे हॉर्न मारू देत.

जुना_फिटर

ताई बरोबर बोलल्या. पेडल मऊ पडतं कारण ब्रेक ऑइल उकळतं आणि वाफ दाबली जाते, तेलासारखी ती दाब पुढं नेत नाही. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. नवं डॉट 3 ऑइल कमीत कमी 205 अंशापर्यंत टिकतं, डॉट 4 230 पर्यंत. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी धरलेलं डॉट 3 140 लाच उकळतं, डॉट 4 155 ला. गगनबावड्याच्या पावसात राहणाऱ्या गाडीनं तर दोन वर्षांनी ऑइल बदललंच पाहिजे. टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच घाला.

फुलेवाडीकर

काका, आज रविवार म्हणून सकाळीच घेतलं करायला. शेजारच्या दादांकडून घोडी आणली.

आधी एक विचारतो, घरात कोविडच्या वेळची टेंपरेचर गन पडली होती, ती डिस्कवर धरली तर ती नुसतं "हाय" दाखवते. दोन्ही बाजूंना तेच. बिघडलीय का?

आता टेस्ट. डावं चाक दोन्ही हातांनी जोर लावून जेमतेम फिरलं. उजवं एका हातानं, बारीक घासत. निपल सैल केला, तेल हळूच पाझरलं, पिचकारी वगैरे काही नाही. डिस्क तशीच जड. म्हणजे तेलाची बाजू सुटली?

मग थंड होऊ दिलं आणि कॅलिपर खोलला. पॅड बाहेर काढले तर दोन्ही तिरके झिजलेत! वरच्या टोकाला जाड, खालच्या टोकाला पातळ. नवीन घालून किती दिवस झाले हो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली वरची बोटानं आत-बाहेर होते. खालची जागची हलायला तयार नाही. तिच्यावरचा रबरी बूट एका बाजूनं फाटलाय आणि आत तांबडा चिखल सुकून बसलाय. पत्र्याच्या क्लिपा ज्या खाचेत बसतात तिथं पण गंजाचे पापुद्रे आहेत. पॅड खाचेतून काढायला स्क्रू-ड्रायव्हरनं ठोकावा लागला.

जुना_फिटर

सापडला की चोर!

गन बिघडलेली नाही. ती अंगाचा ताप बघायची आहे, चाळिसाच्या जरा वर गेलं की हात टेकते. वर्कशॉपची वेगळी मिळते. ती सुद्धा डिस्कच्या चकचकीत भागावर धरली तर कमी आकडा दाखवते, गंजलेल्या कडेवर धरायची. आणि नुसत्या आकड्यात काही नसतं, डावं आणि उजवं ह्यात फरक किती ते बघायचं.

आता तिरके पॅड. तुमचा कॅलिपर तरंगता आहे, पिस्टन एकाच बाजूला. पिस्टन आतला पॅड दाबतो, आणि त्याच धक्क्यानं सगळा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. एक पिन सरकते आणि एक जाम, मग कॅलिपर पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी ड्रॉवरसारखा तिरका होऊन अडकतो. पॅड खालच्या अंगाला दाबलेलेच राहतात आणि तिकडूनच झिजतात. ह्यात डिस्कचा काही दोष नाही.

पॅड बदलल्यावरच का सुरू झालं, हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. जुने पॅड झिजून खाचेत सैल झालेले असतात. नव्या पॅडचे कान पूर्ण मापाचे, वर रंगाचा थर, आणि खाचेत क्लिपेखाली गंज फुगलेला. नुसता जुना काढून नवा ठोकून बसवला की तो पहिल्या दिवसापासून घट्ट. शिवाय जाड पॅड बसवायला पिस्टन खूप मागं दाबावा लागतो, म्हणजे त्याचा जो भाग इतके दिवस बाहेर राहून गंजला असेल तो आता सीलमध्ये जातो. म्हणून पिस्टनचा धुळीचा बूट उचलून त्याखाली बघा. गुळगुळीत चमकत असेल तर नशीब. खड्डे पडले असतील तर पिस्टन आणि सील किट दोन्ही घालायचं, घासून वापरायचा नाही.

राजारामपुरी_रेसर

पिनेला गंज सुटायचा स्प्रे मारून हातोडीनं ठोका ना काका, त्यात काय एवढं? वरून थोडं इंजिन ऑइल.

जुना_फिटर

अहो, नका असलं सांगू, कुणीतरी खरंच करेल. ब्रेकमधलं रबर ग्लायकोलच्या तेलाला टिकणारं असतं, पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस ह्यांनी ते फुगतं. पिनेच्या टोकाला रबरी बाही असली तर ती फुगून पिन दुप्पट जाम होते. आज मोकळी वाटेल, महिन्यानं परत हेच. आणि स्प्रेचा थेंब पॅडवर पडला तर पॅड टाकूनच द्यायचा.

फुलेवाडीकर, असं करा. पिन सुटत नसेल तर तिला फिरवत फिरवत बाहेर काढा. ओढण्यापेक्षा आधी गोल फिरली पाहिजे. बाहेर आली की तिच्यावर बोट फिरवा. खड्डे लागले तर नवीन पिन घ्या, महाग नसते. भोक साफ करायला गोल नायलॉन ब्रश आणि ब्रेक क्लीनर. ड्रिल लावून भोक मोठं करू नका. बूट दोन्ही नवीन घाला, किटमध्ये येतात. ग्रीस सिलिकॉनचं किंवा ब्रेकच्या रबरासाठी मिळतं ते लाल. पातळ हात द्या. पुष्कळ भरलं की चांगलं असं नाही, भोकाचं तोंड एकच असल्यामुळं ग्रीस आणि हवा आत कोंडते आणि पिनेला बाहेर ढकलत राहते. पिन पूर्ण आत घालून बुटाची कड क्षणभर उचला, हवा फुस्स करून निघून जाईल, मग बूट खोबणीत बसवा. एक महत्त्वाचं, काही गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, एकीला रबरी बाही, दुसरी साधी. कुठली कुठून काढली ते फोटो काढून ठेवा. अदलाबदल झाली की परत रडगाणं.

क्लिपा काढून खालचा गंज वायर ब्रशनं खरवडा, लोखंड दिसेपर्यंत. क्लिपा नव्या घाला. पॅड खाचेत हातानं सरकला पाहिजे, ठोकावा लागला तर अजून साफ करायचं बाकी आहे. तिरके पॅड परत घालू नका. दोन्ही बाजूंचे चारही पॅड एकदम बदला, म्हणजे उजवी बाजूही खोलली जाईल. तिकडच्या पिना पण तेवढ्याच वयाच्या आहेत. पॅडची भुकटी हवा मारून उडवू नका, तोंडात जाते.

पिस्टन मागं दाबताना टाकीचं झाकण उघडून तेल वर येतंय का बघा. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, ब्रेक ऑइल रंग उचलतं. मी तर निपल उघडून दाबतो, म्हणजे तळातलं काळं तेल वर न जाता बाटलीत येतं. आणि सगळं झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करून घट्ट करा. हे विसरून भिंतीवर गेलेली गाडी दुरुस्त केलीय मी.

फुलेवाडीकर

काका, काम झालं. पिस्टन डावीकडचा साफ निघाला, खालची पिन मात्र खाल्लेली होती, नवी घातली. उजवीकडं पिन हलत होती पण ग्रीस वाळून रबरासारखं झालेलं. ऑइल पण बदललं, जुनं चहाच्या रंगाचं निघालं.

कुंईं बंद. गोकुळ शिरगावला पोचल्यावर दोन्ही चाकांजवळ सारखीच ऊब. सिग्नलला गाडी पूर्वीसारखी वाहत येतेय.

दोन गोष्टी राहिल्या. पहाटे दव पडलं की पहिल्या एक-दोन ब्रेकना खर्र होतं, मग नाही. आणि हायवेला 80 च्या पुढं ब्रेक मारला की स्टिअरिंग बारीक थरथरतं. पूर्वी होतं की नाही, लक्ष नव्हतं दिलं. म्हणजे डिस्क शेवटी गेलीच का?

जुना_फिटर

पहाटेचं खर्र सोडून द्या. डिस्क बिडाची असते, ग्रे कास्ट आयर्न. आपल्या शिरोलीत रोज ओतलं जातं तेच लोखंड. त्यातला ग्रॅफाइट उष्णता वाहून नेतो, कंप खातो, म्हणून ते निवडलंय. पण ओलं राहिलं की रातोरात तांबूस होतं. मोटरसायकलची डिस्क स्टेनलेसची म्हणून ती तशी होत नाही. पॅडनं पहिल्या एक-दोन ब्रेकना तो थर पुसला की झालं.

थरथर मात्र मोजायची. इतके दिवस गरम पॅड चिकटून राहिल्यानं त्याचा थर डिस्कवर कमी-जास्त बसलेला असू शकतो. जाडीत दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी स्टिअरिंगला कळतं. पण त्याच्याही आधी डिस्क हबवरून, म्हणजे ती आणि चाक ज्यावर बसतं त्या बैठकीवरून, उतरवून मागचा गंज बघा. डिस्क आणि हबमध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तर चांगली डिस्क पण डोलते. उद्यमनगरात कुठल्याही बऱ्या लेथवाल्याकडं डायल गेज, म्हणजे बारीक डोलणं मोजायचं घड्याळ, असतो, चुंबकी बैठकीसकट. डिस्क नटांनी घट्ट आवळून, कडेपासून थोडं आत सुई लावून एक फेरा द्या. बहुतेक गाड्यांना 0.1 मिलिमीटरच्या आत चालतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जाडी पण मायक्रोमीटरनं फिरत फिरत सात-आठ ठिकाणी घ्या.

फुलेवाडीकर

मोजून आणलं. डावी डिस्क आधी 0.14 डोलत होती. उतरवून हब वायर ब्रशनं साफ केला, परत बसवली, 0.05. उजवी साफ न करताच 0.06 होती. जाडी कोरलेल्या आकड्यापेक्षा सव्वा मिलिमीटर जास्त आहे, सगळीकडं एकसारखी. थरथर नव्वद टक्के गेली.

जुना_फिटर

मग डिस्क राहू दे, अजून बरीच चालेल. उरलेली थरथर नवे पॅड बसले की जाईल. थोडे दिवस मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत मध्यम ब्रेक मारत जा, पूर्ण थांबून गरम पॅड डिस्कवर दाबून धरू नका. आणि चाकाचे नट आडवे-तिडवे क्रमानं, टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना) आवळा. पंक्चरवाले गननं एका बाजूनं आवळत सुटतात, त्यानं पण डिस्क वाकडी बसते. निपलच्या रबरी टोप्या बसवल्यात ना?

फुलेवाडीकर

उजवीकडची बसवली. डावीकडची सापडत नाहीये, उद्या आणतो.